हंटर हॉकआय एलिटवर एमएक्स-५: कोइलओव्हर बसवल्यानंतरचं अलाइनमेंट

मॅझ्दा एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्या, म्हणजे १९८९ ते २००५ पर्यंतच्या गाड्या, अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याच्या, बाबतीत फार उदार आहेत. चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे चाक धरणारे वर-खाली दोन आर्म, आणि प्रत्येक लोअर आर्मच्या आतल्या टोकाला दोन एक्सेंट्रिक बोल्ट, म्हणजे फिरवला की आर्म सरकवणारी कॅम चकती असलेले बोल्ट. गाडीखाली असे एकूण आठ. पुढच्या चौघांवर कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल, वरची कड आत असेल तर उणे) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल) बसतो, मागच्या चौघांवर कॅम्बर आणि टो (वरून पाहता चाकाची पुढची कड आत म्हणजे टो-इन, बाहेर म्हणजे टो-आउट). पुढचा टो तेवढा टायरॉडवर, म्हणजे स्टेअरिंग चाकाला जोडणाऱ्या दांडीवर. इतकं सगळं कंपनीनेच हलवता येण्याजोगं दिलेलं असताना कोइलओव्हर (उंची बदलता येणारी स्प्रिंग आणि डॅम्पर म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बरची जोडी) बसवून, गाडी ३० मिमी खाली घेऊन, नुसता पुढचा टो करून आणणं म्हणजे महागडा चष्मा घेऊन नंबर न तपासण्यासारखं आहे.

भारतात ही गाडी अधिकृतपणे विकली गेली नाही. त्यामुळे हा रिव्ह्यू मुख्यतः ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियात ती बाळगणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. तिथल्या चांगल्या वर्कशॉपमध्ये बहुतेकदा हंटरचं कॅमेऱ्याचं मशीन दिसतं, आणि त्यातलं हॉकआय एलिट हे मॉडेल खाली केलेल्या स्पोर्ट्स कारसाठी कितपत कामाचं आहे, ते इथे सांगतोय. निकाल आधीच देऊन टाकतो. मापाच्या बाबतीत मशीन उत्तम आहे, पूर्ण विश्वास ठेवावा असं. पण ते माप घेतं, गाडी सेट करत नाही. सेट करतो तो खाली पाना घेऊन उभा असलेला माणूस. मशीनच्या नावावर जाऊन वर्कशॉप निवडलं आणि त्या माणसाला चार प्रश्न विचारले नाहीत, तर पैसे वाया जाण्याची शक्यता भरपूर.

आधी मशीनबद्दल. समोरच्या आडव्या बीमवर चार कॅमेरे असतात. चाकांवर जे लावतात ते टार्गेट म्हणजे ठिपक्यांची नक्षी असलेली साधी पाटी. तिच्यात बॅटरी नाही, वायर नाही. क्विकग्रिप नावाचा क्लॅम्प टायरच्या ट्रेडला बाहेरून धरतो, रिमला धातूचा स्पर्श होत नाही. पॉलिश केलेल्या किंवा नव्याने पावडरकोट केलेल्या रिमवाल्यांना याचं मोल कळेल. मग गाडी थोडी मागे-पुढे ढकलतात. चाक फिरताना पाटी कशी डुलते ते कॅमेरे पाहतात आणि रिममधला किंवा क्लॅम्पमधला वाकडेपणा हिशेबातून वजा करतात. याला रोलिंग कॉम्पेन्सेशन म्हणतात. चाकं न उचलता हे होतं हा मोठा फायदा आहे, कारण उचललेली गाडी परत खाली ठेवली की सस्पेन्शन मूळ जागी बसायला वेळ घेतं आणि तोवरचे आकडे खोटे असतात. गाडी रॅकवर, म्हणजे अलाइनमेंटच्या लिफ्टवर, नीट लागली की दोन-तीन मिनिटांत सगळे कोन स्क्रीनवर येतात.

कॅस्टर मोजायला स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे फिरवावं लागतं. त्या वेळी ब्रेक पेडल दाबून धरणारी दांडी लावलेली आहे ना, ते बघा. ती नसेल तर चाक फिरताना गडगडतं आणि कॅस्टरचा आकडा दर वेळी वेगळा येतो. एकच गाडी लागोपाठ दोनदा मोजून कॅस्टर ०.३ अंशाने बदलला, तर दोष बहुधा मशीनचा नसून त्या न लावलेल्या दांडीचा असतो.

आता मशीनचा धोका, आणि तो हिरव्या रंगाचा आहे. आकडा कंपनीच्या मर्यादेत आला की स्क्रीनवरची पट्टी हिरवी होते, बाहेर गेला की लाल. त्या मर्यादा मूळ उंचीच्या, मूळ स्प्रिंगच्या गाडीसाठी आहेत, आणि त्या ऐसपैस आहेत. डावीकडे कॅम्बर −०.३ आणि उजवीकडे −१.१ असूनही दोन्ही पट्ट्या हिरव्या दिसू शकतात. गाडी मात्र ब्रेक दाबल्यावर एका बाजूला झुकते आणि डाव्या वळणात एक वागते, उजव्या वळणात दुसरी. उलट, तुम्ही मुद्दाम मागितलेला −१.५ कॅम्बर कदाचित लाल दिसेल, आणि सवयीचा टेक्निशियन तो हिरवा करून मोकळा होईल. म्हणून आपले आकडे कागदावर लिहून न्यावेत आणि सॉफ्टवेअरमध्ये कस्टम स्पेसिफिकेशन म्हणून भरून घ्यावेत. ही सोय विनअलाइन या हंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. 'तसं करता येत नाही' असं कोणी म्हणालं तर दुसरं वर्कशॉप शोधा.

आकडे लिहिताना अंश आणि मिनिटं यांची गफलत टाळा. १°३०′ म्हणजे १.५ अंश, १.३ नव्हे. ब्रिटनमधल्या कागदांवर मिनिटं सर्रास असतात, अमेरिकेत दशांश. टो मिमीमध्ये सांगायचा असेल तर कुठल्या व्यासावर ते सांगा. १९५/५० आर १५ टायरचा बाहेरचा व्यास ५७६ मिमी. त्यावर ०.१० अंश म्हणजे बरोबर १ मिमी. तोच कोन ४०० मिमीच्या रिमकडेवर ०.७ मिमी भरतो. दोघांनी 'एक मिमी टो-इन' म्हणायचं आणि मनात वेगवेगळा व्यास धरायचा, हा घोटाळा नेहमीचा आहे. अंशांतच बोललेलं बरं.

रॅकवर चढण्याआधीची तयारी ही या कामाची खरी अर्धी बाजू.

पहिली उंची. कोइलओव्हरवर उंची बदलली की कॅम्बर बदलतो, टो बदलतो, सगळंच बदलतं. त्यामुळे उंची कायमची ठरवून मगच अलाइनमेंट. मोजायचं ते हबच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज आणि हवा दोन्ही मापात घुसतात. रोजच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला पुढे ३३० मिमी आणि मागे ३४० च्या आसपास ठेवलं, तर आर्मचे कोन आणि डॅम्परचा प्रवास दोन्ही शाबूत राहतात. याहून फार खाली गेलात की डॅम्पर बम्पस्टॉपवर, म्हणजे त्याचा प्रवास थांबवणाऱ्या रबरावर, टेकायला लागतो, टायरॉडचा कोन बिघडतो आणि खड्ड्यात चाक आपोआप वळतं. हा बम्पस्टीअर कुठल्याही अलाइनमेंटने जात नाही. उंची वाढवणं हाच त्यावरचा स्वस्त उपाय.

दुसरं, नवीन स्प्रिंग बसल्यावर १००-१५० किलोमीटर गाडी चालवून मग उंची पुन्हा मोजा. स्प्रिंग आणि आर्मच्या सांध्यांतले रबरी बुश थोडे बसतात. बसवल्या दिवशीच अलाइनमेंट केली तर पंधरा दिवसांत आकडे सरकलेले असतात.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त वेळा चुकते. एमएक्स-५ चे मूळ रबर बुश आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असतात. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर पिळतं, घसरत नाही. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना आर्मचे बोल्ट घट्ट केले, तर रबर त्या लोंबत्या अवस्थेत गोठतं. गाडी जमिनीवर आली की प्रत्येक बुश सतत पिळलेला राहतो. परिणाम तीन: गाडी ठरवलेल्या उंचीपेक्षा वर उभी राहते, स्प्रिंग असायला हवी त्याहून कडक वाटते, आणि काही महिन्यांत रबर फाटतं. म्हणून प्रत्येक आर्मचा बोल्ट गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच शेवटचा आवळायचा. अप्पर आर्म आणि डॅम्परचा खालचा बोल्ट यांनाही हेच लागू. कोइलओव्हर बसवणाऱ्याने हे केलं नसेल तर अलाइनमेंटच्या आधी सगळे सैल करून, गाडी दोन-चार वेळा दाबून, परत आवळून घ्या.

चौथा गंज. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि एक्सेंट्रिक बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीत अक्षरशः जाम होतो. ओळखायची खूण साधी आहे: नट सैल करून बोल्टचं डोकं पान्याने फिरवलं की कॅमची चकती थोडी फिरते आणि हात सोडला की स्प्रिंगसारखी मागे येते. बोल्ट नळीत फिरत नाहीये, रबर पिळतंय. अशा वेळी जोर केला तर बुश फाटतो. दोन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ पेनिट्रेटिंग ऑइल मारा. मागचे बोल्ट जास्त हट्टी असतात. नाहीच सुटला तर बोल्ट दोन्ही बाजूंनी कापून काढायचा, आणि नवीन बोल्ट, नवीन कॅम चकती आणि बऱ्याचदा नवीन बुश. नवीन बोल्टच्या मधल्या दांड्याला कॉपर ग्रीस भरपूर लावून बसवला तर पुढच्या वेळी तो सुटतो. वर्कशॉपची वेळ घेण्याआधी आठही बोल्ट घरी सुटतात का पाहून ठेवलं, तर लिफ्टवर गाडी अडकून तासांचं बिल चढत नाही.

किरकोळ तयारी: टायरमध्ये हवा थंड असताना २६ पीएसआय, चारही टायर सारखे झिजलेले, टाकी अर्धी, डिकी रिकामी, व्हील बेअरिंग आणि बॉल जॉइंटमध्ये खेळ नाही. बॉल जॉइंट सैल असेल तर त्यावर केलेली अलाइनमेंट पुढच्या स्पीडब्रेकरपर्यंतचीच.

आता क्रम. कॅम्बर-कॅस्टर आधी, टो नंतर. आणि पुढच्या चाकांआधी मागची. कारण मागची दोन चाकं मिळून गाडी कुठल्या दिशेला जाणार ते ठरवतात. मागचा डावा टो ०.२० आणि उजवा ०.०० असेल तर बेरीज अगदी योग्य दिसते, पण थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीच्या मध्यरेषेपासून किती तिरकी ढकलतात तो कोन) येतो ०.१० अंश, आणि गाडी खेकड्यासारखी किंचित तिरकी चालते. ते सावरायला स्टेअरिंग वाकडं धरावं लागतं. पुढचा टो कितीही अचूक केला तरी ते वाकडेपण जात नाही.

मागच्या लोअर आर्मचे दोन कॅम एकाच दिशेला फिरवले की मुख्यतः कॅम्बर बदलतो, उलट दिशांना फिरवले की टो. ऐकायला सोपं, पण प्रत्यक्षात एक हलवला की दोन्ही आकडे हलतात, म्हणून तीन-चार फेऱ्या लागतात. इथे चांगला टेक्निशियन ओळखू येतो. तो सुरुवातीला कॅमच्या खाचेवर आणि शेजारच्या ब्रॅकेटवर पांढऱ्या पेंटची रेघ मारतो, एका वेळी एकच खाच सरकवतो आणि स्क्रीनकडे बघतो. मग डोक्याकडून एक पाना धरून ठेवतो आणि नटाकडून आवळतो. आवळताना आकडा ०.०५ ते ०.१० ने पळतो, हे त्याला माहीत असतं, म्हणून तो तेवढा आधीच उलटा सोडतो. जो आवळून झाल्यावर स्क्रीनकडे परत बघत नाही, त्याच्या हातात ही गाडी देऊ नये.

पुढे तोच खेळ, फक्त टोच्या जागी कॅस्टर. इथे एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी: पुढच्या कॅमवर भरपूर कॅस्टर आणि भरपूर कॅम्बर दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. एक वाढवायला गेलं की दुसऱ्याची जागा खाल्ली जाते. आधी दोन्ही बाजूंचा कॅस्टर सारखा करा, मग कॅम्बर जितका मिळेल तितका घ्या, आणि ज्या बाजूला कमी मिळतो त्या बाजूइतका दुसरीकडे ठेवा. एका बाजूला −१.६ निघत असेल आणि दुसऱ्या बाजूला −१.३ च्या पुढे जात नसेल, तर दोन्हीकडे −१.३.

शेवटी पुढचा टो. टायरॉड फिरवण्याआधी स्टेअरिंग रॅकच्या रबरी बूटची बाहेरची क्लिप सैल करायला सांगा, नाहीतर बूट पिळून फाटतो आणि आत पाणी जातं. दोन्ही टायरॉडवर उघडे आटे साधारण सारखे असावेत. डावीकडे बारा आणि उजवीकडे सहा दिसत असतील तर कुणीतरी स्टेअरिंग सरळ करण्याच्या नादात एकाच बाजूने काम केलंय, आणि स्टेअरिंग रॅक मध्यावर नाही. हंटरमधली विनटो ही सोय इथे छान आहे. स्टेअरिंग अगदी मध्यावर कुलूपबंद न करताही टो सेट होतो आणि स्टेअरिंग सरळ राहतं.

आकड्यांबद्दल मतं अनेक आहेत. रोजची गाडी आणि महिन्यातून एखादी वेगाची सकाळ, असा वापर असेल तर माझी सुरुवात अशी: पुढे कॅम्बर −१.२, कॅस्टर ५.०, एकूण टो ०.०५ इन. मागे कॅम्बर −१.५, एकूण टो ०.२० इन. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये फरक ०.२ च्या आत, कॅस्टरमध्ये ०.३ च्या आत. मागे कॅम्बर पुढच्यापेक्षा थोडा जास्त ठेवल्याने मागची बाजू शांत राहते. छोट्या व्हीलबेसच्या मागून ढकलणाऱ्या गाडीला, ओल्या रस्त्यावर, हे फार महत्त्वाचं आहे. मागचा टो शून्य करू नका. टो-आउट तर मुळीच नको, घसरायला लागलेली गाडी मग सावरत नाही. पॉवर स्टेअरिंग काढून टाकलेल्यांनी कॅस्टर अर्धा-पाऊण अंश कमी घ्यावा, नाहीतर पार्किंगमध्ये दंड भरून येतात. ट्रॅकवर नियमित जाणाऱ्यांना पुढे −२.० च्या पुढचा कॅम्बर लागतो. रस्त्यावर तेवढा घेतला तर सरळ ब्रेक मारताना टायरची बाहेरची कड रस्त्याला नीट टेकत नाही.

टायर आतून खाल्ला की सगळे कॅम्बरला दोष देतात. −१.५ कॅम्बर टायर फारसा खात नाही. खातो तो टो. ०.१० अंश तिरकं असलेलं चाक दर किलोमीटरला १.७५ मीटर आडवं घासत जातं. कॅम्बरमुळे वजन आतल्या कडेवर असतं, म्हणून टोची सगळी झीज तिथेच जमा होते आणि दोषी भलताच ठरतो.

चालकाचं वजन हा मुद्दा मोठ्या गाड्यांत सोडून देता येतो. हजार-अकराशे किलोच्या दोन सीटच्या गाडीत नाही. सीटवर तुमच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवून सेट करणारं वर्कशॉप मिळालं तर दोन पैसे जास्त द्या. पिशव्या ठेवल्याबरोबर चालकाच्या बाजूचा कॅम्बर स्क्रीनवर सरकताना दिसतो. कॉर्नर वेट (प्रत्येक चाकावरचं वजन जुळवणं) करायचे असतील तर ते अलाइनमेंटच्या आधी, अँटी-रोल बारची (वळणात गाडीचा कल रोखणाऱ्या दांडीची) लिंक सोडून. नंतर केले तर उंची बदलते आणि सगळं पहिल्यापासून.

वेळेवरून दर्जा बऱ्यापैकी कळतो. या गाडीचे आठही कॅम हलवून काम पाऊण तासात होत नाही. दोन ते तीन तास धरा. 'अर्ध्या तासात घेऊन जा' म्हणाले तर ते फक्त टायरॉड फिरवणार आहेत. आणखी एक: गाडी फारच खाली असेल तर रॅकच्या उतारावर पुढचा बम्पर घासतो. फळ्या ठेवतात का, ते फोनवरच विचारून घ्या.

मशीनला घरगुती पर्याय आहे का? सेट करायला मेहनत खूप, पण तपासायला नक्की आहे. दोन टो प्लेट (चाकाला टेकवून धरायच्या सरळ पाट्या), दोन मोजपट्ट्या, ०.१ अंश दाखवणारा डिजिटल अँगल गेज आणि चार स्टँडवर ताणलेली दोरी. दोरी गाडीच्या मध्यरेषेला समांतर हवी, आणि या गाडीचा मागचा ट्रॅक पुढच्यापेक्षा रुंद आहे हे धरून. हबच्या मध्यापासूनचं अंतर मागे त्या फरकाच्या निम्म्याने कमी येतं. मग रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं माप. ४०० मिमीच्या रिमवर अर्धा मिमी म्हणजे ०.०७ अंश. डोळ्याने याहून बारीक वाचता येत नाही, आणि मागच्या चाकाच्या ०.१० टोसाठी ती चूक मोठीच आहे. कॅम्बरला फरशीची लेव्हल आडवी येते: साधारण १४०० मिमीच्या ट्रॅकवर ५ मिमी उतार असेल तर ०.२ अंशाची चूक. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन चारही चाकांखालची जागा मोजा आणि फरशीचे तुकडे घालून सारखी करा. अ‍ॅल्युमिनियम रिमला गेजचं चुंबक चिकटत नाही, म्हणून रिमच्या दोन कडांवर सरळ पट्टी धरून तिच्यावर गेज. एक माप घेतल्यावर गाडी ढकलून चाक अर्धा फेरा फिरवा, पुन्हा मोजा आणि सरासरी घ्या, म्हणजे रिमचा वाकडेपणा निघून जातो. टायरखाली ग्रीस लावलेल्या दोन पत्र्यांची जोडी नसेल तर टायर जमिनीला चिकटून राहतो आणि तुम्ही फिरवलेला कॅम आकड्यात दिसतच नाही. हा संच घरी असावा तो एखादा मोठा खड्डा बसल्यावर 'काही हललं का' ते पाहायला.

महाराष्ट्रात खाली केलेल्या गाड्या बहुतेक पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि डॅम्परचा एकच खांब) आणि मागे टॉर्शन बीमवाल्या (मागची दोन्ही चाकं एका आडव्या बीमने जोडलेल्या) असतात. त्यांना मुळात टोच तेवढा हलतो. कॅम्बरसाठी स्ट्रटच्या वर कॅम्बर प्लेट किंवा खालच्या दोनपैकी एका बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट घालावा लागतो. काही टायरवाले हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट वाकवून कॅम्बर 'काढून' देतात. नवीन कोइलओव्हरवर हे कधीही करू देऊ नका. रॉड आणि सील दोन्ही जातात. स्ट्रटवर कॅम्बर बदलला की टो जोरात बदलतो, त्यामुळे क्रम इथेही तोच.

काम झाल्यावर कागद घेतल्याशिवाय निघू नका. आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे हवेत, आणि ते गाडी पिशव्यांसकट चाकांवर, सगळे नट आवळल्यानंतरचे हवेत. नीट झालेल्या कामाचा मागच्या चाकांचा भाग असा दिसतो: कॅम्बर डावा −१.५, उजवा −१.६, टो डावा ०.१२, उजवा ०.०८, एकूण ०.२०, थ्रस्ट अँगल ०.०२. ५०० किलोमीटरनंतर आठही कॅमवरच्या पांढऱ्या रेघा टॉर्च मारून बघा. एखादी तुटलेली दिसली, म्हणजे चकतीवरचा अर्धा भाग ब्रॅकेटवरच्या अर्ध्यापासून सरकलेला, तर तो नट पुरेसा आवळलेला नव्हता. गाडी परत घेऊन जा आणि तो कागद सोबत ठेवा.